शनिवारचा अर्धा तास

लातुरात भागवत सरांच्या क्लासमध्ये वाक्य पूर्ण करण्याची जबाबदारी सरांची नसे. सर वाक्य सुरू करत, शेवटाच्या जवळ आणून सोडत आणि एक बोट हवेत उभं करत. पुढचं काम पोरांचं. "फोर्स इज इक्वल टू मास इंटू...?" असं सर म्हणाले, की तीनशे पोरं एका दमात ओरडत, "अ‍ॅक्सिलरेशन!" सकाळी साडेसहाला हा गजर सुरू होई. समोरचा झेरॉक्सवाला दहावीला दोनदा बसून उठलेला, पण न्यूटनचे तिन्ही नियम त्याला तोंडपाठ झाले होते.

पोरांना झोप लागू नये म्हणून सरांनी ही पद्धत काढली, आणि काढली ती बेस्टच होती. पण वीस वर्षांत तिने सरांनाच धरलं. घरी जेवायला बसले की ते बायकोला, सिंधुताईंना, म्हणत, "आज भाजी आहे...?" आणि बोट उभं करून थांबत. सिंधुताई ताटात दोडका वाढत. याहून अवघड गोष्ट म्हणजे दुसऱ्या कुणाचं वाक्य अर्धं राहिलेलं सरांना सोसत नसे. रेणापूरला एका शोकसभेत बोलणाऱ्याला गहिवरून आलं. "अण्णा आज आपल्याला सोडून..." एवढं म्हणून तो बिचारा डोळे पुसायला थांबला, आणि पुढच्या रांगेतून भागवत सर खणखणीत आवाजात म्हणाले, "गेले!" अण्णांच्या थोरल्या मुलाने त्या दिवसापासून सरांशी बोलणं टाकलं.

दिलशाद मॅडम या क्लासमध्ये इंग्रजी शिकवत. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला इंग्रजीचे गुण धरत नाहीत, त्यामुळे मॅडमची किंमत काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. बायोलॉजीच्या सरांना वेगळी केबिन, केमिस्ट्रीच्या सरांना वेगळी केबिन, आणि मॅडमची खुर्ची पाण्याच्या जारजवळ. बोर्डाच्या परीक्षेपुरते आठवड्याला दोन तास त्यांच्या वाट्याला येत, तेही पोरं मागच्या बाकावर बायोलॉजीचं पाठ करण्यात घालवत. मॅडमना याचा राग येई. पण राग आला की त्या गोड बोलत, हे फार थोड्यांना माहीत होतं.

त्यांचा खरा तास शनिवारी असे. आठवड्याची टेस्ट संपली, की घरी सोडण्याआधी अर्धा तास मोकळा राही. त्यात मॅडम एक शब्द घेत. फक्त एक. तो कुठून आला, कुठे-कुठे भटकला, कुणाच्या घरात राहिला आणि आपल्यापर्यंत येताना त्याचं काय झालं, एवढंच सांगत. मसल म्हणजे स्नायू, पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं, म्हणून. व्हॅक्सिनमध्ये गाय लपलेली आहे, कारण पहिली लस गायींना होणाऱ्या देवीच्या रोगावरून आली. ज्या टेस्टने तुम्ही दर शनिवारी घामाघूम होता, ती मुळात मातीची वाटी. सोनं वितळवून खरं की खोटं बघायचे ती. एवढं ऐकलं की आठवडाभर मान खाली घालून बसलेली पोरं मान वर करत. एकमेकांचे दंड दाबून उंदीर शोधत. कुणी खिदळे, कुणी म्हणे, "मॅडम, अजून एक!" मॅडम म्हणत, "एकच. बाकीचे पुढल्या शनिवारी." वर्षभरात मॅडमना जगल्यासारखं वाटे ते याच अर्ध्या तासात.

हे वेड त्यांना नांदेडला लागलं. त्यांचे अब्बा नासिरमियाँ जिल्दसाज होते. कोर्टाच्या फायली, शाळांच्या वह्या, कुराण, ज्ञानेश्वरी, जे येईल ते बांधून देत. कुणीतरी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश बांधायला टाकला आणि परत न्यायलाच आला नाही. दहा वर्षांच्या दिलशादने तो वाचून काढला. अब्बांकडून तिने दुसरीही एक गोष्ट उचलली, पान कुठे उलटतं त्याची. ते म्हणत, "बेटा, सफा कहाँ पलटता है, ये लिखनेवाले से ज्यादा जिल्दसाज को मालूम रहता."

तर या शनिवारच्या अर्ध्या तासावर जून महिन्यात गदा आली.

"मॅडम," भागवत सर केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "हे उंदीर-गायीचं बंद करू आपण. जुलैपासून त्या वेळात मिनी टेस्ट."

"मुलांना आवडतं, सर."

"आवडून काय करायलेत? पेपरात येतं का ते? पेपरात जे येत नाही, ते आपल्या क्लासमध्ये...?" बोट वर गेलं.

केबिनमध्ये ओरडायला मॅडम एकट्याच होत्या. सरांनी क्षणभर वाट पाहिली आणि स्वतःच म्हणाले, "शिकवत नाही."

मॅडम पाण्याच्या जारजवळ येऊन बसल्या. सतरा वर्षांची नोकरी, आणि त्यातला स्वतःचा म्हणावा असा हा एवढाच तुकडा होता.

दोन दिवसांनी सरांनी पुन्हा बोलावलं. आता सर गोड झाले होते. क्लासची नवी शाखा नांदेडला निघत होती. उद्घाटनाला दणक्यात भाषण हवं होतं. यंदा क्लासमधून पहिली आलेली आरती आणि तिचे वडील स्टेजवर बसणार होते. आरतीचा फोटो लातूर शहरात आणखी दोन क्लासच्या फ्लेक्सवर झळकत होता, कारण ती तिथे कधीकाळी एकेक फुकटची टेस्ट देऊन आली होती. म्हणून सरांना घाई होती. खरी पोरगी कुणाची ते एकदा माइकवरून सांगायचं होतं.

"भाषणात तुमचं ते शब्दाचं टाका की," सर म्हणाले. "कोचिंग हा शब्द कुठून आला ते. लोकांना वाटलं पाहिजे, अरे, हा माणूस वाचणारा आहे. भाषण जमलं तर शनिवारचं बघू आपण."

मॅडम त्या दिवशी हवेत चालत घरी गेल्या. रात्रीचं जेवण उरकून त्यांनी भाषण लिहिलं, आणि खरं ते लिहिलं. हंगेरी नावाच्या देशात कोच नावाचं एक खेडं आहे. पाचशे वर्षांपूर्वी तिथले सुतार घोडागाड्या करायचे. गाडी हलकी, पळायला चपळ. तिचं इतकं नाव झालं की सगळा युरोप तिला गावाच्या नावाने ओळखू लागला. पुढे रेल्वेचा डबा कोच झाला, बसही कोच झाली. मग ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी गंमत केली. जो शिकवणीवाला कच्च्या पोराला उचलून परीक्षेच्या पलीकडे नेऊन सोडतो, त्याला ते कोच म्हणू लागले. पोराला वाहून नेणारी गाडी. तिथून खेळाचा कोच, तिथून कोचिंग, आणि तिथून लातूर.

सरांनी वाचलं. एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

"गाडी?" ते म्हणाले. "म्हणजे मी गाडी?"

"चांगल्या अर्थाने, सर."

"मॅडम, आमदार येऊन राहिले. कलेक्टर ऑफिसचे लोक येऊन राहिले. मी तिथं उभं राहून सांगू की मी गाडी आहे? लोक म्हणतील, बैल कुठं हायत?" सरांनी मोबाइल पुढे केला. "हे बघा. मेव्हण्यानं पाठवलंय. कोच हा शब्द संस्कृत कोश या शब्दावरून आलेला आहे. ज्ञानाचा कोश. खजिना. हे टाका."

"पण सर, हे खरं नाही."

"खरं-खोटं कोण बघायलंय? मॅडम, तुम्हाला शनिवार पाहिजे का नको?"

इथे मॅडमची गोड बोलायची वेळ आली. "टाकते, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तसंच टाकते."

त्या शनिवारी त्यांनी वर्गात शब्द घेतला, कोच. फळ्यावर खेडं काढलं, गाडी काढली, गाडीत झोपलेला विद्यार्थी काढला. पोरं हसून लोळली. आरतीही आली होती, तिचा निकाल लागला तरी ती शनिवारी मागे येऊन बसे. मॅडमनी पोरांकडून तीनदा म्हणून घेतलं. "कोचिंग हा शब्द आला तरी कुठून?" "कोच गावच्या गाडीवरून!" झेरॉक्सवाल्यालाही तो पाठ झाला.

आणि भाषण त्यांनी सर म्हणाले तसंच लिहिलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मोठ्या अक्षरात, चार पानं, अब्बांच्या पद्धतीने कोपऱ्यात दोरा घालून नीट शिवलेली. दुसऱ्या पानाची शेवटची ओळ होती, "कोचिंग हा शब्द आला तरी कुठून...?" आणि उत्तर होतं तिसऱ्या पानावर. सरांनी ते वाचून बघितलं आणि खूश झाले. "जमलं," ते म्हणाले.

नांदेडचं सभागृह खचाखच भरलं. नव्या शाखेत अजून पोरंच नव्हती, म्हणून टाळ्यांसाठी लातूरची तीनशे पोरं सहा बसगाड्यांतून आणली होती. स्टेजवर आमदार, दोन साहेब, आरती आणि तिचे वडील गुरुपादप्पा. गुरुपादप्पा निलंग्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या करणारं घर. आता गाडी करायला कुणी सांगत नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची फळकुटं बसवतात आणि दारं-खिडक्या करतात. त्यांना कोरा फेटा बांधला होता आणि ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. कुणी उठ म्हणेल की काय, अशा बेताने.

मॅडम सभागृहात कडेच्या खुर्चीवर होत्या. सर बोलायला उभे राहिले. आपण केलं ते फार झालं की काय, असं मॅडमना एकदा वाटून गेलं. पण पान आता शिवलं होतं.

पहिलं पान झालं. दुसरं पान झालं. सर शेवटच्या ओळीवर आले.

"आणि मित्रहो, कोचिंग हा शब्द आला तरी कुठून...?"

सरांनी पान उलटायला बोटाला थुंकी लावली. ते बोट जरासं वर गेलं. तीनशे पोरांना तेवढं पुरलं.

"कोच गावच्या गाडीवरून!"

सभागृहाचे पंखे हलले. आमदार दचकून सरळ बसले. सरांनी पान उलटलं होतं, त्यावर कोश लिहिलेला होता, खजिना लिहिलेला होता, पण आता तो वाचणार कसा? तीनशे तोंडांनी आपल्याच क्लासच्या पद्धतीने उत्तर दिलेलं. चूक म्हणावं, तर क्लास चूक. सरांनी पान पुन्हा मागे उलटलं, तिथे प्रश्न तोच होता.

तेवढ्यात गुरुपादप्पा खुर्चीच्या कडेवरून मागे सरकले आणि पहिल्यांदा टेकून बसले.

"गाडी?" ते म्हणाले. माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "कोन्या गावची म्हनालीत पोरं?"

"कोच, अप्पा," आरती म्हणाली. "परदेशातलं खेडं. तिथले सुतार गाड्या करायचे. त्या गाडीवरून शिकवणीला नाव पडलं. पोराला बसवून पल्याड नेती म्हणून."

"सुतार व्हते?"

"हाव, अप्पा. सुतारच."

गुरुपादप्पा उठले. माइक कसा धरतात ते त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी तो लाकूड तासायची पटाशी धरतात तसा धरला. "म्या सकाळधरनं इचार करून राहिलो की हितं आपलं काय काम हाय," ते म्हणाले. "मोठी मान्सं. शिकल्याली मान्सं. हे तर आमच्याच धंद्यातलं निघालं की. मग सर, तुमचं-माझं काम येकच झालं. म्या येक गोष्ट सांगतो. नवी गाडी दिली की आमी म्होरं बसून बघत न्हाई. मागं बसतो. हादरा मागं बसतो. मागं बसनाऱ्याला पोटातलं पानी हललं न्हाई तर गाडी बरी." मग ते लेकीकडे वळले. "आरती, तू दोन साल बसलीस यांच्या गाडीत. हादरं लई बसले का गं?"

आरती लाजली. पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "बसले, अप्पा," ती म्हणाली. "आठवडाभर बसायचे. शनिवारी अर्धा तास न्हाई बसायचे."

आता पोरांनी जो गोंधळ केला, त्याला टाळ्या म्हणणं अवघड आहे. मॅडमनी पदर डोळ्याला लावला आणि पदराआड हसल्या की रडल्या ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

भागवत सर मात्र कच्चे नव्हते. त्यांनी चारही पानं घडी करून खिशात घातली, गुरुपादप्पांचा हात धरला आणि वर उचलला. "हेच तर मी सांगत होतो!" ते ओरडले. आमदारांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो याच हातांचा.

परतीच्या गाडीत लोहा गाव मागे पडल्यावर सर बोलले.

"पान तुम्ही मुद्दाम तिथं तोडलं."

"पान संपलं, सर."

"मॅडम, मी फिजिक्सचा माणूस आहे. नांदेडच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलंय. अपघात कोणता अन्‌ घडवलेला कोणता, मला कळतं." मग म्हणाले, "स्टेजवर झालं ते झालं. पण टाळ्यांवर क्लास चालत नाही. शनिवारी मी स्वतः येऊन बघतो. घड्याळ लावून. त्या अर्ध्या तासात पोरांच्या कामाचं काय आहे, ते मोजणार. नसलं, तर जुलैपासून मिनी टेस्ट."

मॅडमना माहीत होतं की सरांनी मनात आधीच ठरवलंय. माणूस मोजायला निघतो तेव्हा त्याचं उत्तर बहुतेक वेळा तयार असतं.

शनिवार आला. टेस्ट संपली. सर मागच्या भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून, मनगट दिसेल असे उभे राहिले. मॅडमकडे त्या दिवशी नवा शब्द तयार होता, पण त्यांनी वही उघडलीच नाही.

"आज नवीन काही नाही," त्या म्हणाल्या. "आज उजळणी. दंडात पळतो तो...?"

"उंदीर!" पोरं म्हणाली. सरांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"लशीत लपलेली...?"

"गाय!" सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"सोन्याची परीक्षा घ्यायची मातीची...?"

"वाटी!" सरांच्या गळ्यातली घाटी वर गेली आणि खाली आली. मॅडमना ते तेवढ्या लांबून दिसलं. त्यांनी वेग वाढवला. सर जसे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाढवत, तसा, श्वास घ्यायला जागा न ठेवता.

"फोर्स इज इक्वल टू मास इंटू...?"

"अ‍ॅक्सिलरेशन!" हे तर सरांचंच होतं. मागच्या भिंतीपासून एक जाड आवाज पोरांच्या आवाजात मिसळला. सरांनी हाताची घडी सोडली.

"कोच हे नाव कशाचं?"

"गावाचं!"

"त्या गावात गाड्या करायचे ते...?"

"सुतार!"

"आणि पोराला बसवून परीक्षेच्या पल्याड नेतो, तो कोच म्हणजे एक...?"

"गाडी!" भागवत सर ओरडले. पोरांच्या आधी. त्यांच्या कपाळावर शीर उभी राहिली होती, टाचा उचलल्या गेल्या होत्या, आणि उजव्या हाताचं बोट हवेत होतं. मॅडमनी त्यांना थांबू दिलं नाही.

"आणि म्हणून शनिवारचा हा अर्धा तास जुलैनंतरसुद्धा चालू...?"

"राहणार!"

सगळा हॉल ओरडला, पण पोरांनी मागाहून एकमेकांना शपथेवर सांगितलं की सगळ्यात मोठा आवाज भिंतीकडून आला होता. तीनशे डोकी एकाच वेळी मागे वळली. सर बोट वर करून उभे होते. रस्त्यापलीकडून झेरॉक्सवाल्याचाही आवाज आला, "राहणार!" जरा उशिरा, पण पक्का.

सरांनी बोट खाली आणलं. ते कुठे ठेवावं ते कळेना, म्हणून खिशात घातलं. घड्याळ बघितलं, पण मोजायला काही उरलं नव्हतं. दाराशी जाऊन ते थांबले आणि वळले.

"मॅडम," ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी कोणता शब्द...?"

आणि उत्तर येईपर्यंत ते दारात उभे राहिले.